डोळ्यांवर गॉगल, समोर गाव : सुरतेतल्या खान्देशी वृद्धांना ‘व्हीआर’ काय देऊ शकतं?

सुरत : वृद्धाश्रमातल्या आजोबांच्या डोळ्यांवर एक जाडजूड गॉगल चढवायचा. समोरची भिंत, खाट, औषधांचा डबा सगळं नाहीसं होतं आणि त्यांच्या चहूबाजूंनी समुद्रकिनारा उभा राहतो. मान डावीकडं वळवली की डावीकडचा किनारा, वर पाहिलं की आकाश. दहा मिनिटांनी गॉगल काढला की आजोबा पुन्हा खाटेवर. याला व्हर्च्युअल रिअॅलिटी, मराठीत आभासी वास्तव आणि सगळ्यांच्या तोंडी ‘व्हीआर’ म्हणतात. पोरं त्यावर गेम खेळतात. अमेरिकेत आणि युरोपात मात्र गेल्या आठ-दहा वर्षांत हाच गॉगल वृद्धाश्रमांत, स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या निवासांत उपचाराची जोड म्हणून वापरला जातोय. एकट्या अमेरिकेत आणि कॅनडात शेकडो ज्येष्ठ निवासांमध्ये तो पोहोचला आहे.

आपल्याकडं त्याचं काय? सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, गोडादरा भागांसाठी हा प्रश्न फुकाचा नाही. धुळे, नंदुरबार, जळगावातून तीस-चाळीस वर्षांपूर्वी लूमवर आणि डाइंग मिलमध्ये कामाला आलेली पिढी आता साठी-सत्तरी ओलांडून बसली आहे. २०११ च्या जनगणनेत गुजरातमध्ये ९ लाखांहून जास्त लोकांनी मातृभाषा मराठी लिहिली होती. खान्देशी-अहिराणी त्या जनगणनेत वेगळी मोजली जाते, म्हणजे खरा आकडा आणखी मोठा. यातले बहुतेक म्हातारे वृद्धाश्रमात नाहीत, घरातच आहेत. मुलगा खात्यात बारा तासांच्या पाळीवर, सून साडीला लेस-पट्टी लावायच्या कामात, नातवंडं शाळेत. घर भरलेलं असतं, पण दुपारी बोलायला कुणी नसतं.

गॉगलच्या आत नेमकं काय होतं?

आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगवेगळ्या कोनातून बघतात. मेंदू ती दोन चित्रं जोडतो आणि त्यावरून अंतर ठरवतो. व्हीआर गॉगल हीच युक्ती वापरतो. आत प्रत्येक डोळ्यासाठी वेगळं चित्र असतं, मध्ये भिंग असतं आणि मान किती वळली, किती झुकली हे मोजणारे सेन्सर असतात. मान हलली की चित्र त्याच क्षणी सरकतं. म्हणून मेंदूला वाटतं, आपण तिथंच आहोत. टीव्ही बघताना टीव्ही ‘तिकडं’ असतो. इथं ‘तिकडं’ असं काही उरतच नाही, फरक एवढाच आणि तोच मोठा.

सध्याचे चांगले गॉगल सुमारे अर्ध्या किलोचे आहेत. अर्धा किलो ऐकायला कमी वाटतो, पण मानेचा स्पाँडिलायटिस असलेल्या माणसाच्या कपाळावर तो दहा मिनिटांत जाणवायला लागतो. दुसरा प्रकार स्वस्तातला. पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या खोक्यात आपलाच मोबाइल बसवायचा. गुगलनं २०१४ मध्ये ‘कार्डबोर्ड’ नावानं हा प्रकार आणला आणि पुढं तशी खोकी बाजारात काहीशे रुपयांत मिळायला लागली. त्यात चित्र जरा धूसर असतं, पण कल्पना कळायला तेवढं पुरतं.

म्हाताऱ्या माणसांनाच का?

याचं मूळ व्हीआरच्या खूप आधीचं आहे. १९६३ मध्ये अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी एक निबंध लिहिला. म्हातारी माणसं जुन्याच गोष्टी उगाळत बसतात, हे त्या काळी डॉक्टरही बिघाडाचं लक्षण समजत. बटलर यांनी उलट मांडलं. आयुष्य मागं वळून पाहणं ही त्या वयाची गरज आहे आणि ते ऐकून घेणाऱ्या माणसाची साथ मिळाली तर मन शांत होतं, असं त्यांचं म्हणणं. पुढं यातूनच ‘स्मरणोपचार’ उभा राहिला. जुने फोटो, जुनी भांडी, गाणी, वास समोर ठेवायचे आणि माणसाला बोलतं करायचं.

स्मृतिभ्रंशात हे विशेष उपयोगी पडतं, कारण तो आजार आठवणी सरसकट पुसत नाही. आधी ताजं जातं. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नात बैलगाडी कुणाची होती ते आठवतं. आपल्याकडं घरचे याला सरळ ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देतात. भारतात साठीच्या पुढच्या १०० जणांमागं सुमारे ७.४ जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख लोक, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात निघाला. तेव्हा प्रत्येक विसरणं वयाच्या खाती टाकून चालणार नाही.

व्हीआर या जुन्या उपचाराला नवीन साधन देतो. फोटो दाखवण्याऐवजी माणसाला फोटोच्या आत नेऊन बसवायचं. ब्रिटनमध्ये ‘द वेबॅक’ नावाच्या प्रकल्पात १९५३ सालच्या राज्याभिषेकाच्या दिवशीची गल्लीतली मेजवानी नव्यानं उभी करून चित्रित केली गेली. तेव्हा पोरवयात असलेले आणि आता स्मृती हरवत चाललेले लोक त्या गल्लीत ‘बसले’ की बोलू लागतील, ही त्यामागची कल्पना होती.

आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेनं १७ ज्येष्ठ निवासांतल्या २४५ जणांवर अभ्यास केला. वयं ६५ ते १०३. व्हीआरनंतर जवळपास ८० टक्के जणांनी मन आधीपेक्षा प्रसन्न झाल्याचं सांगितलं, तर जवळपास ६० टक्क्यांना एकटेपणा कमी वाटला. आकडे चांगले आहेत. पण ते ‘तुम्हाला कसं वाटलं?’ या प्रश्नाच्या उत्तरातून आलेत आणि या कामात गॉगलसेवा पुरवणारी कंपनी सोबत होती, हेही लक्षात घ्यावं लागेल. नवीन वस्तू, चार माणसं भोवती, कुणीतरी आपुलकीनं विचारतंय, एवढ्यानंही माणूस खुलतो. त्यातलं गॉगलचं किती आणि माणसांचं किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. व्हीआर स्मृतिभ्रंश बरा करतो किंवा थांबवतो, असा पुरावा नाही. असं कुणी विकायला आलं तर दारातूनच परत पाठवावं.

त्याच अभ्यासात एक गोष्ट दिसली, जी सुरतेसाठी फार महत्त्वाची आहे. ज्यांची नजर किंवा ऐकणं कमी झालं होतं, त्यांना फायदा कमी जाणवला.

आता लूमच्या खात्यात ज्यांनी उभं आयुष्य काढलं त्यांचं ऐकणं कसं असेल? ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास कानावर पडला तर कान खराब होतो, हे जगभर मान्य आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज सहसा त्याच्या वरच असतो आणि पाळी आठ नाही, बारा तासांची. खात्यातली माणसं हातवारे करून बोलतात ते उगाच नाही. म्हणजे ज्या पिढीला हा गॉगल द्यायचा, तिच्यातल्या अनेकांच्या कानांचं काम आधीच झालेलं. गॉगलमधून गोड आवाजातलं हिंदी निवेदन ऐकवून इथं फार काही साधणार नाही. आधी कानाची तपासणी आणि मोतीबिंदूची तपासणी, मग गॉगल. कित्येकांच्या बाबतीत तर कानयंत्र मिळालं की अर्धा एकटेपणा तिथंच कमी होईल. त्याची कुणी बातमी करत नाही, एवढंच.

पॅरिस नको, प्रकाशा दाखवा

तयार मिळणाऱ्या व्हीआर फिल्मांमध्ये पॅरिस असतं, व्हेनिसच्या होड्या असतात, आफ्रिकेतले हत्ती असतात. बघायला मजा येते, नाही असं नाही. पण शिंदखेड्याहून आलेल्या आजीला व्हेनिस दाखवून कोणती आठवण जागी होणार? स्मरणोपचाराचा सगळा जोर ‘हे माझं आहे’ या ओळखीवर असतो. ती ओळख विकत मिळत नाही, ती घरच्यांनाच तयार करावी लागते.

आणि ते आता अशक्य राहिलेलं नाही. ३६० अंशांत चित्रण करणारे छोटे कॅमेरे चांगल्या मोबाइलच्या किमतीत मिळतात. त्यांना पुढं-मागं दोन फुगीर भिंगं असतात, दोन्हींची चित्रं जोडून एक पूर्ण गोल तयार होतो. एखाद्या मंडळानं, समाजाच्या संस्थेनं किंवा गल्लीतल्या चार घरांनी मिळून एक घेतला तरी पुष्कळ. चित्रण करताना काही गोष्टी मात्र पाळाव्या लागतात, नाहीतर बघणाऱ्याला मळमळतं.

कॅमेरा हातात धरून चालायचं नाही. तिकाटण्यावर घट्ट ठेवायचा आणि उंची ठेवायची साडेतीन-चार फूट, म्हणजे खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांएवढी. बघणारा बसलेला असणार, कॅमेरा सहा फुटांवर असला तर त्याला हवेत तरंगल्यासारखं वाटतं. एका जागी तीन-चार मिनिटं सलग चालू द्यायचं. धावत्या गाडीच्या खिडकीतून चित्रण करायचा मोह होईल, तोही टाळायचा. डोळे सांगतात आपण चाललोय, आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण बसलोय. हे भांडण मेंदूला झेपलं नाही की घेरी येते. त्यापेक्षा नवापूर स्टेशनच्या फलाटावर कॅमेरा ठेवा. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत असलेलं हे स्टेशन सुरत-भुसावळ गाडीनं ये-जा केलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. गाडी येते, थांबते, चहावाला ओरडतो, गाडी जाते. एवढं पुरे.

प्रकाशाचा घाट, सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा आणि घोड्यांचा बाजार, गावचा पार, मारुतीचं देऊळ, चुलीवर भाकरी थापणारी वहिनी. प्रकाशा आणि सारंगखेडा दोन्ही तापीकाठची, आणि तीच तापी पुढं सुरतेला येते. पुलावरून रोज दिसणारं पाणी आपल्याच गावावरून आलंय, हे इथल्या अनेक म्हाताऱ्यांना आपलं आपण सुचलेलं असतं.

सोबत जो बोलेल त्याची बोलीही तीच हवी. ‘आजी, आपको क्या दिख रहा है?’ याला मानेनं उत्तर मिळतं. ‘माय, तुले काय दिखी ऱ्हायनं?’ याला गोष्ट मिळते.

एक अडचण आहे, ती आधीच समजून घेतलेली बरी. कॅमेरा आजचं गाव टिपतो, आठवणीतलं नाही. मातीच्या घराच्या जागी स्लॅब आलाय, आड बुजलाय, वाटणीत अंगणात भिंत उठलीय. ‘आपलं घर कुठाय?’ असं विचारून म्हातारी रडायला लागली तर तो उपचार कसला? उकाई धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचं तर चित्रणच होणार नाही, कॅमेरा नेऊन ठेवायला जागाच उरलेली नाही. म्हणून आधी गप्पा मारून विचारायचं, काय बघायला आवडेल? बहुतेक वेळा न बदललेल्या गोष्टी सुरक्षित असतात. नदी, देऊळ, डोंगर, बाजार, पेरणी.

नदीही प्रत्येकाला चालेलच असं नाही

‘नदी सुरक्षित’ म्हटलं, पण सुरतेत तेही तपासून घ्यावं लागतं. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून पाणी सुटलं आणि शहराचा मोठा भाग बुडाला. लोक दिवसच्या दिवस माळ्यांवर, गच्चीवर अडकून पडले. घरातलं होतं नव्हतं गेलं, काहींची माणसं गेली. ज्यानं ते पाणी उंबऱ्यातून आत येताना पाहिलंय, त्याच्या चहूबाजूंनी भरलेली तापी उभी करणं म्हणजे क्रूरपणाच. १९९४ मधल्या प्लेगच्या वेळी मिळेल त्या गाडीनं गावाकडं पळालेल्यांना स्टेशनवरची तोबा गर्दी नकोशी वाटू शकते. टीव्हीवर नको ते दिसलं तर मान फिरवता येते. गॉगलमध्ये मान फिरवली तरी तेच असतं, हे दाखवणाऱ्यानं विसरू नये.

त्यामुळं प्रत्येक माणसासाठी घरच्यांना विचारून ‘हे दाखवायचं नाही’ अशी छोटी यादी करावी. वारलेल्या जोडीदाराचा किंवा मुलाचा व्हिडिओ अचानक समोर आणू नये. स्मृतिभ्रंशात माणूस गेल्याचंच विसरलेलं असतं. गॉगल काढल्यावर ते पुन्हा नव्यानं कळतं, आणि दुःख पहिल्या दिवसाएवढंच होतं.

कुणी वापरू नये, कसं वापरावं

फिट येणाऱ्यांना व्हीआर देऊ नये. सतत चक्कर येणारे, नुकताच पक्षाघात झालेले, डोळ्यांचं ताजं ऑपरेशन झालेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. पेसमेकर असेल तर गॉगलसोबतची सूचना वाचावी, कारण गॉगल आणि त्याच्या रिमोटमध्ये लोहचुंबक आणि रेडिओलहरी सोडणारे भाग असतात. ज्यांना आजारामुळं नसलेल्या गोष्टी दिसतात, भास होतात, त्यांना आणखी एक खोटं जग दाखवण्यात धोका आहे.

बाकीच्यांनी नेहमी बसून बघावं. खुर्ची हातांची आणि चाकं नसलेली. पहिल्या वेळी पाच मिनिटं पुरे. पुढं सोसलं तर दहा-पंधरा. जेवण झाल्या झाल्या नको. हाताला हात लावून कुणीतरी शेजारी बसलेलं असावं आणि ‘हात दाबला की बंद’ ही खूण आधी ठरवावी. गॉगल काढल्यावर लगेच उठवायचं नाही, दोन-चार मिनिटं खोलीत नजर स्थिरावू द्यायची. म्हातारपणी पडणं किती महागात जातं हे सांगायला नको. एकच गॉगल दहा जणांना लावायचा तर प्रत्येक वेळी पुसून घ्यायचा. डोळ्यांची साथ असेल तर सरळ कपाटात ठेवायचा.

आणि एक. गॉगल घातलेल्या आजीचे हातवारे, तिचं दचकणं, हसणं मोबाइलवर टिपून रील टाकायची हौस आवरावी. तिला आपल्याकडं कोण बघतंय हे त्या क्षणी दिसत नसतं. परवानगी गॉगल चढवण्याआधी घ्यायची, आणि नातवानं दिलेली परवानगी म्हणजे आजीची परवानगी नव्हे. ज्याची समज कमी झालीय अशा माणसानं काल ‘हो’ म्हटलं म्हणून आज धरून चालायचं नाही. दरवेळी विचारायचं. गॉगल हातानं ढकलला तर ते ‘नाही’च.

एकट्यानं बघायचं यंत्र नाही

परदेशात ज्या ठिकाणी हे नीट चाललंय, तिथली पद्धत पाहिली तर गंमत कळते. आठ-दहा जणांना एकाच वेळी एकच फिल्म दाखवतात. काळजीवाहक हातातल्या टॅबवर सगळ्यांना काय दिसतंय ते बघत असतो आणि प्रश्न विचारत राहतो. गॉगल दहा मिनिटं, नंतरच्या गप्पा अर्धा तास. म्हणजे मुख्य काम गप्पांचंच, गॉगल निमित्त. म्हाताऱ्याला गॉगल लावून देऊन घरचे आपापल्या कामाला लागले तर एकटेपणा कमी न होता वाढेल. मोबाइल हातात देऊन पोराला गप्प बसवतात, तसाच तो प्रकार.

म्हणून खर्च करण्याआधी फुकटातलं करून बघायला हरकत नाही. गावाकडच्या भाच्याला व्हिडिओ कॉल लावून ‘जरा शेतात चक्कर मार’ म्हणायचं आणि आजोबांना सोबत बसून दाखवायचं. जुन्या फोटोंची पिशवी काढायची. त्यावर माणूस बोलता झाला तर गॉगल आणखी काही देऊ शकेल. तिथंही गप्पच राहिला, रस्ता चुकायला लागला, पैशांचे व्यवहार जमेनासे झाले, माणसं ओळखू येईनाशी झाली तर गॉगलच्या नादी न लागता दवाखाना गाठावा. सुरतेत न्यू सिव्हिल आणि महापालिकेचं स्मीमेर ही दोन मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशभराची मोफत हेल्पलाइन आहे, तर मानसिक त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६. दोन्ही महाराष्ट्रातूनही लागतात.

ज्यांना गावचं चित्रण करायचंच आहे त्यांना वेळ शोधायला लागणार नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई बसते, सोमवारी विसर्जन. सुरतेतून घरटी एखादा तरी त्या दोन दिवसांसाठी गावी जातोच. कॅमेरा कानबाईसमोर, बसलेल्या बायांच्या ओळीत, साडेतीन फुटांवर ठेवायचा. रोट, आरती, गाणी, लेकीसुनांची गडबड आपोआप येईल. कुणाला कॅमेऱ्याकडं बघून हात हलवायला सांगायचं नाही. फक्त घरातल्या थोरल्या बाईनं येऊन त्याच्यासमोर बसावं आणि सुरतेत राहिलेल्या जावेला नावानं हाक मारावी.